जीएलपीआय हेल्पडेस्क: फॅक्टरीतल्या एकट्या सिस्टिम अ‍ॅडमिनला वेळ मिळवून देणारं सॉफ्टवेअर

सोलापुरात सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच माणूस, फार तर हाताखाली एक पोरगा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेल युनिट घ्या, चिंचोली एमआयडीसीतली फॅक्टरी घ्या, पतसंस्था घ्या, हॉस्पिटल, कॉलेज, साखर कारखाना, कुठंही जा, सर्व्हर त्याच्याकडं, स्विच त्याच्याकडं, टॅलीचा बॅकअप त्याच्याकडं, सीसीटीव्ही त्याच्याकडं, हजेरीचं अंगठ्याचं मशीन त्याच्याकडं आणि बारकोड प्रिंटरची रिबन संपली तरी फोन त्यालाच. हा रिव्ह्यू अशा लोकांसाठी लिहितोय. मी टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका युनिटमधे हेच काम करतो आणि जीएलपीआय नावाचं हेल्पडेस्क सॉफ्टवेअर, म्हणजे लोकांची कामं आणि तक्रारी एका जागी नोंदवायचं सॉफ्टवेअर, बरेच महिने झाले रोज वापरतोय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. चार कशासाठी आणि पाचवा का नाही ते सविस्तर सांगतो.

आधी दुखणं काय आहे ते बघू, कारण ते नीट कळलं नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर टाका, फरक पडत नाही. आपल्या कामात दोन प्रकार असतात. एक, जे कुणीतरी येऊन सांगतं आणि लगेच पाहिजे असतं, पासवर्ड विसरला, प्रिंट येत नाही, ई-वे बिल निघत नाही, नेट गेलं. दुसरं, जे कुणीच सांगत नाही पण केलं नाही तर एक दिवस सगळं बसतं, म्हणजे बॅकअप उघडून बघणं, अपडेट टाकणं, फायरवॉलचे जुने रूल साफ करणं, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणं. पहिल्या प्रकाराला आवाज असतो, दुसऱ्याला नसतो, आणि दिवस कसा जातो ते आवाज ठरवतो. सकाळी ठरवून बसावं की आज स्विचवर व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचे भाग, वेगळे करायचे, सीसीटीव्ही एकीकडं, ऑफिस एकीकडं, आणि निम्मे पोर्ट झाले की दारात कुणीतरी उभं. दोन मिनिटांचं काम असतं हो, पण परत येऊन बसल्यावर कुठला पोर्ट झाला, कुठला राहिला, दोन स्विच जोडणारा ट्रंक कुठं लावला होता हे सगळं डोक्यात परत उभं करायला त्या दोन मिनिटांच्या कितीतरी पट वेळ जातो. मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो, विणकर गाठ मारतो आणि मगच पुन्हा सुरू करतो, तसंच हे आहे, फक्त आपला तुटलेला धागा कुणाला दिसत नाही.

आणि दुसरं म्हणजे सगळं तोंडी. जिन्यात भेटले की एक काम, कॅन्टीनमधे भेटले की दुसरं, रात्री फोनवर तिसरं. ते डोक्यात ठेवायचं म्हणजे डोकं दिवसभर त्याच पहाऱ्यावर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला तर तिथं गुड मॉर्निंगच्या खाली सर्व्हरचा प्रॉब्लेम गाडला जातो, कुणी वाचला, कुणी केला, झाला का राहिला काही कळत नाही. एक्सेल शीट काढली तर ती भरायची पण आपणच आणि बघायची पण आपणच, सांगणाऱ्या माणसाला त्यात काही दिसत नाही म्हणून तो परत फोन करतो, ‘झालं का’ विचारायला. हा ‘झालं का’ वाला फोन मोजला तर कळेल किती वेळ खातो.

जीएलपीआय नेमकं इथं कामाला येतं. हे फ्रान्समधे २००३ साली सुरू झालेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पीएचपीत लिहिलंय, खाली मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी लागतं, जीपीएल लायसन्स आहे म्हणजे वापरायला पैसे नाहीत. त्यांचीच पैसे देऊन घ्यायची क्लाउड सेवा पण आहे पण छोट्या युनिटला त्याची गरज नाही, कपाटात पडलेलं एखादं बऱ्यापैकी डेस्कटॉप असेल, एसएसडी आणि आठ जीबी रॅम असलेलं, त्यावर डेबियन किंवा उबुंटू टाका, अपाचे, पीएचपी, मारियाडीबी टाका, एवढ्यावर आपल्यासारख्या ठिकाणी आरामात चालतं. इन्स्टॉल ब्राउझरमधूनच होतं, पानामागून पान पुढं जात राहायचं. एकच गोष्ट विसरू नका, ते स्वतःहून चार युजर बनवून देतं आणि त्यांचे पासवर्ड सगळ्या जगाला माहिती आहेत, जीएलपीआय युजरचा पासवर्ड जीएलपीआयच, टेकचा टेकच. आत गेल्या गेल्या ते बदला, नको असलेले बंद करा. ते स्वतः पण इशाऱ्याची पट्टी दाखवून सांगतं आणि इन्स्टॉलची फाइल काढून टाका असं पण सांगतं, ते सगळं ऐका.

आता मूळ गोष्ट, तिकीट, म्हणजे एका कामाची किंवा तक्रारीची नोंद. ज्याला काम आहे तो एक साधं पान उघडतो, त्याच्यासाठी सोप्पा इंटरफेस वेगळा आहे, त्यात मुख्यतः तिकीट टाकणं आणि आपली जुनी तिकिटं बघणं एवढंच असतं, अ‍ॅडमिनचे मेनू दिसतच नाहीत. किंवा ठरलेल्या पत्त्यावर मेल टाकला तरी त्याचं तिकीट बनतं. मराठीत टाइप केलेलं नीट साठवलं जातं, आमच्याकडं निम्मी तिकिटं मराठीत नाहीतर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत येतात, चालतंय. तिकिटात काय झालं, कधी झालं, कुणाकडं आहे हे सांगणाऱ्याला दिसतं आणि मेलवर पण जातं, त्यामुळं ‘झालं का’ वाले फोन खरंच कमी झाले. मला ह्या एका गोष्टीचाच फार मोठा फायदा वाटतो.

पण सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे प्रायॉरिटी ते कसं ठरवतं. अर्जन्सी सांगणारा माणूस भरतो, म्हणजे त्याला किती घाई आहे. इम्पॅक्ट आपण भरतो, म्हणजे किती लोकांचं काम अडलंय. दोन्ही मिळून एका तक्त्यावरून प्रायॉरिटी आपोआप निघते, आणि तो तक्ता आपल्याला सेटिंगमधे जाऊन बदलता येतो. ऐकायला किरकोळ वाटतं पण फॅक्टरीत ह्याच्यावरूनच सगळी भांडणं असतात. प्रत्येकाला वाटतं माझंच आधी. डिस्पॅचला लेबल छापली नाहीत तर न्हावाशेव्याला जाणारा कंटेनर दारात उभा राहतो, आणि त्याच वेळी वरच्या केबिनमधल्या साहेबांना नवीन मॉनिटर लावून पाहिजे असतो, दोघंही अर्जंटच म्हणणार. पूर्वी ज्याची खुर्ची मोठी किंवा जो समोर उभा त्याचं आधी व्हायचं. आता तक्ता समोर ठेवतो. तक्ता मालकांनी स्वतः बसून मान्य केलेला आहे, डिस्पॅच आणि बिलिंग बंद म्हणजे सगळ्यात वर, मग एका अख्ख्या डिपार्टमेंटचं, मग एका माणसाचं. त्यामुळं नाही म्हणायची वेळ आली तरी ते माझं वैयक्तिक नाही म्हणणं राहत नाही.

आमच्या अकाउंट्समधले अण्णा, वयानं मोठे, सगळ्या फॅक्टरीत मान असलेले, ते सुरुवातीला अजिबात तयार नव्हते. दारात येऊन म्हणाले, “ओ, प्रिंटर चालंना झालाय, जरा येताव का?” मी म्हटलं अण्णा येतो, आधी तिकीट टाकू. “तिकीट कशाला, मी समोर उभा हाय की!” त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्क्रीन दाखवली, म्हटलं अण्णा, तुम्ही समोर आहात म्हणून तुमचं आधी केलं तर खाली पॅकिंगमधल्या अक्कांचं मागं पडतं, त्या ट्रक थांबवून बसल्यात आणि त्यांना वर यायला पण जमत नाही. अण्णा लिस्ट बघत बसले, मग म्हणाले, “मग आधी खाली जाऊन या, माझं जेवणानंतर बघा.” त्यांचं तिकीट मी त्यांच्यासमोरच टाकलं, दुपारी गेलो, काम केलं, बंद केलं. मला त्या दिवशी कळलं की लोकांना थांबायचा राग नसतो, आपण कुठं आहोत हे कळत नाही त्याचा राग असतो. अण्णा अजून तिकीट स्वतः टाकत नाहीत, फोन करतात, मी फोन कानाला धरून टाकतो. टाकतो मात्र नक्की, कारण फोनवरचं काम लिहिलं नाही तर ते परत डोक्यातच राहतं आणि मग सगळं करून उपयोग काय.

तिकिटाची स्थिती बदलता येते, त्यात पेंडिंग म्हणून एक आहे ते नीट वापरा. व्हेंडरकडून पार्ट यायचाय, साहेबांची परवानगी यायचीय, अशा वेळी पेंडिंग केलं की वेळेचं घड्याळ थांबतं, म्हणजे ते आपल्या खात्यावर उशीर म्हणून चढत नाही. २०२२ मधे आलेल्या १० नंबरच्या व्हर्जनपासून पेंडिंगला कारण जोडता येतं आणि ठरलेल्या दिवसांनी समोरच्याला आपोआप आठवण पाठवता येते. मला माणसांच्या मागं लागायला अजिबात आवडत नाही आणि ते काम आता सॉफ्टवेअर करतंय.

तिकिटाच्या आत टास्क टाकता येतात, प्रत्येक टास्कला किती वेळ लागणार आणि कधी करणार ते लिहिलं की ते प्लॅनिंग नावाच्या कॅलेंडरमधे दिसतं. आम्ही दोघं आहोत, मी आणि माझ्या हाताखालचा मुलगा, तर आम्ही असं ठरवलंय की जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोन आणि दार तो सांभाळणार आणि मी सर्व्हर-नेटवर्कचं काम दार लावून करणार, जेवणानंतर उलट. प्लॅनिंगमधे तसे दोन पट्टे टाकून ठेवलेत, तिकीट नसलेले कार्यक्रम पण त्यात टाकता येतात. ह्यामुळं त्या मुलालाही शिकायला निवांत वेळ मिळतो, नाहीतर ह्या लाईनमधे नवीन पोरं वर्षानुवर्षं फक्त टोनर बदलत राहतात आणि मग कंटाळून पुण्याला जातात, हुतात्मा एक्सप्रेस भरून जातात हो पोरं, त्यातली काही इथंच राहावीत असं मला मनापासून वाटतं. तुम्ही एकटेच असाल तर निदान सकाळचा पहिला तास अडवून ठेवा, लोक अजून चहात असतात तोवर. आग लागल्यासारखं काही असेल तर लोक दार वाजवतातच, त्याची काळजी नको.

आता ज्यासाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही घ्या म्हणून सांगेन ती गोष्ट, रिकरंट तिकीट. म्हणजे ठरलेल्या काळानं आपोआप तयार होणारं तिकीट. वर म्हटलं ना, दुसऱ्या प्रकारच्या कामाला आवाज नसतो, तर हे त्याला आवाज देतं. आधी एक टेम्प्लेट बनवायचं, त्यात पूर्ण लिहून ठेवायचं काय काय करायचंय, कुठल्या फोल्डरमधे बघायचं, कुणाला कळवायचं, मग त्याला कधीपासून आणि किती दिवसांनी ते सांगायचं. आमच्याकडं रोज सकाळी बॅकअप बघायचं तिकीट येतं. दर महिन्याला एक तिकीट येतं की टॅलीचा आणि ईआरपीचा (फॅक्टरीचा सगळा कारभार ज्यात चालतो त्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष रिस्टोअर करून उघडून बघा, कारण बॅकअप झाला असा हिरवा मेल येणं वेगळं आणि त्यातनं डेटा परत मिळणं वेगळं. फेब्रुवारीत तिकीट येतं सर्व्हर रूमच्या एसीच्या सर्व्हिसिंगचं, कारण सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, मार्चपासूनच चटका सुरू होतो, एप्रिल-मेमधे पारा चाळिशीच्या वर आणि त्यात लाईट जा-ये करते, तेव्हा एसीवाल्याला फोन केला तर तो अख्ख्या गावाच्या मागं आपला नंबर लावतो. यूपीएसच्या बॅटरीचं वर्षाचं तिकीट. साहेबांच्या डिजिटल सिग्नेचरची मुदत संपायच्या आधीचं तिकीट, ती संपली की टेंडर आणि फायलिंग अडून राहतं आणि तेव्हा धावपळ करून एका दुपारीत होत नाही ते काम.

ह्यात आधी तयार करायची एक सोय आहे, म्हणजे कामाची तारीख पहिली असेल तर तिकीट चार दिवस आधी दिसायला लागेल असं सांगता येतं, सिग्नेचरसारख्या कामाला तीच वापरा.

सरकारी नियमांचं पण मी ह्यातच टाकलंय. सर्ट-इननं, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं, २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात लॉग (सिस्टिममधे काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवा, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत कळवा आणि सगळ्या सिस्टिमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवा असं आहे. मोठ्या कंपनीत त्याला वेगळी माणसं असतात, आपल्याकडं कोण बघणार? तर महिन्याला एक तिकीट, लॉग खरंच मागचे सहा महिने आहेत का, डिस्क भरली म्हणून जुने पुसले गेले नाहीत ना, सीसीटीव्हीचं आणि हजेरी मशीनचं घड्याळ सर्व्हरशी जुळतंय का. घड्याळ जुळलेलं नसेल तर एखाद्या दिवशी चोरी झाल्यावर कॅमेऱ्यात एक वेळ आणि गेटच्या नोंदीत दुसरी, कुणावर विश्वास ठेवायचा? हे काम पाच मिनिटांचं आहे पण कुणी आठवण केली नाही तर वर्षभर होत नाही.

इथं एक कमी आहे ती पण सांगतो. वारंवारता तास, दिवस, महिने, वर्षं अशीच देता येते, महिन्याचा दुसरा मंगळवार असं देता येत नाही. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं तेव्हा रात्र झालेली असते म्हणून आपल्याला बुधवारी सकाळी बघायचं असतं, आणि तो बुधवार ९ पासून १५ पर्यंत कुठल्याही तारखेला पडतो. मी त्याला दर बुधवारचं सात दिवसांचं तिकीट लावलंय, एका बुधवारी अपडेट चाचणीच्या दोन मशीनवर, पुढच्या बुधवारी सगळीकडं, उरलेल्या बुधवारी जे राहिलेत ते. खरं तर तेच बरं पडतं, पण सोय असायला पाहिजे होती.

एसएलए हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं हे मोठ्या आयटी कंपन्यांचं खूळ. तसं नाही. किती वेळात बघणार आणि किती वेळात सोडवणार एवढंच ते, आणि त्याला कॅलेंडर जोडता येतं, कामाचे तास आणि सुट्ट्या आपण भरायच्या. मी त्यात आपल्या सोलापूरच्या सुट्ट्या भरल्यात, संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, त्या दिवसांत निम्मं गाव रस्त्यावर असतं आणि फॅक्टरीत कोण असणार? बाहेरून आणलेलं तयार कॅलेंडर वापरलं असतं तर त्या दिवसांत सगळी तिकिटं लाल झाली असती आणि मालकांना वाटलं असतं हा माणूस काम करत नाही. वेळ कागदावर मोजायचा असेल तर गावाच्या वेळेनं मोजला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

इन्व्हेंटरीबद्दल थोडक्यात. १० व्हर्जनपासून ती आतच आहे, आधी वेगळा प्लगिन लागायचा. प्रत्येक मशीनवर एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकला की कुठला प्रोसेसर, किती रॅम, कुठलं विंडोज, काय काय सॉफ्टवेअर, सगळं आपोआप येऊन बसतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मालकांनी विचारलं किती मशीन बदलायच्या, तेव्हा लूमच्या शेडपासून गोडाऊनपर्यंत हिंडत मशीन उघडून बघायची वेळ आली नाही, खुर्चीवर बसून यादी काढली, कुठली ११ ला चालेल, कुठली नाही, कुठलीत नुसती रॅम टाकून भागेल. सर्टिफिकेट, डोमेन, लायसन्स, एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) करार ह्यांच्या पण नोंदी ठेवता येतात आणि मुदत संपायच्या आधी मेल येतो. फक्त नोंदी एकदा मन लावून भरायला लागतात, ते कुणी आपल्यासाठी करत नाही.

आकडेवारीचं पान आहे ते दिसायला साधं आहे पण बघत जा. कॅटेगरीप्रमाणे किती तिकिटं आली ते दिसतं. आमच्याकडं पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळ्यात जास्त तिकिटं एकाच शेडमधल्या बारकोड प्रिंटरची होती, प्रत्येक वेळी आम्ही जाऊन हेड पुसून यायचो आणि काम झालं म्हणायचो. एकत्र बघितल्यावर कळलं की तिथं टॉवेलचा लिंट, म्हणजे सुताची बारीक धूळ, उडतो, तो हेडवर बसतो. प्रिंटर पार्टिशनच्या पलीकडं हलवला आणि दर सोमवारी पुसायचं रिकरंट तिकीट लावलं, त्या शेडचे फोन जवळजवळ बंदच. एकेकटं काम करताना हे कधीच दिसलं नसतं कारण प्रत्येक वेळी ते दोन मिनिटांचंच असतं. पुढं दुसरा माणूस मागायचा असेल किंवा चांगला यूपीएस मागायचा असेल तर मालकांसमोर तोंडी रडगाणं गाण्यापेक्षा हे पान छापून ठेवा, बोलणं पाच मिनिटांत संपतं.

आता पाचवा स्टार का कापला. मेनू खूप आहेत. खूप म्हणजे खरंच खूप, हे सॉफ्टवेअर मोठ्या संस्थांना पण चालावं म्हणून बनवलंय आणि छोट्या युनिटला त्यातलं निम्मंही लागत नाही, पण ते समोर दिसत राहतं. पहिले काही दिवस प्रोफाइल, एंटिटी, रूल्स ह्यांत माणूस गोंधळतो. माझा सल्ला, एंटिटी (म्हणजे संस्थेचा विभाग) एकच ठेवा, कॅटेगरी आठ-दहाच्या वर नेऊ नका, फॉर्ममधे कमीत कमी रकाने ठेवा. लोकांना जेवढं कमी भरायला लावाल तेवढी तिकिटं येतील, शेडमधला माणूस हातात ग्रीस घेऊन दहा रकाने भरणार नाही आणि त्यानं भरावेत असं म्हणणं पण चुकीचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅप सरळ जोडलेलं येत नाही, आणि आपल्याकडं सगळा कारभार त्यावर. मेल जोडताना पण थोडं बघून करा, मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२२ पासून नुसत्या युजरनेम-पासवर्डनं मेल ओढणं बंद करायला घेतलं, त्यामुळं मेल त्यांच्याकडं असेल तर ओऑथवालं (पासवर्डऐवजी टोकननं चालणारं) सेटिंग करायला लागतं, जीमेल असेल तर अ‍ॅप पासवर्ड काढून काम होतं.

दोन टेक्निकल गोष्टी ज्या सोडून चालणार नाहीत. पहिली क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय. आपोआप होणारी कामं, म्हणजे मेल ओढणं, मेल पाठवणं, रिकरंट तिकिटं बनवणं, ही कुणीतरी पान उघडलं की चालतात अशा पद्धतीनं पण ठेवता येतात, पण मग सकाळी कुणी लॉगिन करेपर्यंत काहीच होत नाही. लिनक्सच्या क्रॉनमधे ओळ टाका आणि त्या कामांची पद्धत सीएलआय करा, मग घड्याळासारखं चालतं. दुसरी, हे बाहेर इंटरनेटवर उघडं ठेवू नका. २०२२ मधे ह्यात सीव्हीई-२०२२-३५९१४ नावाचं गंभीर भोक सापडलं होतं, लॉगिन न करता बाहेरून सर्व्हरवर कोड चालवता येत होता, १०.०.३ मधे ते बुजवलं पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांच्यावर हल्ले झाले. ऑफिसच्या नेटवर्कमधेच ठेवा, घरून बघायचं असेल तर व्हीपीएननं बघा, आणि अपडेटचं पण एक रिकरंट तिकीट लावा. अपडेटच्या आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि फाइल्सचं फोल्डर दोन्ही काढून ठेवायचं.

कुणी घेऊ नये ते पण सांगतो. दहा-बारा मशीन असलेलं ऑफिस असेल आणि सगळे एकाच हॉलमधे बसत असतील तर ह्याची गरज नाही, एक जाड डायरी घ्या, रोज सकाळी नवीन पान, राहिलेलं कालचं काम नव्या पानावर उतरवायचं, बास. फक्त तिकिटंच पाहिजेत, इन्व्हेंटरी नको, तर ओएसतिकीट बघा, ते पण फुकट आहे, पीएचपीतच आहे, हलकं आहे आणि शिकायला सोपं आहे. तीस-चाळीसच्या वर मशीन, दोन-तीन इमारती, शिफ्ट चालणाऱ्या, अशा ठिकाणी मात्र जीएलपीआयच घ्या.

आणि मालकांना आधी बरोबर घ्या. आमच्याकडं हे चाललं कारण पहिल्या आठवड्यात मालकांनी स्वतःच्या लॅपटॉपचं तिकीट स्वतः टाकलं आणि मीटिंगमधे तसं सांगितलं, त्यानंतर बाकीचे मॅनेजर कुरकुर न करता टाकायला लागले. वरनं पाठिंबा नसेल तर थोडं थांबा, आधी तुमच्या टीमपुरतं वापरा, लोकांनी फोन केला तरी तुम्हीच टाका, महिन्याभरानं आकडेवारीचं पान घेऊन मालकांकडं जा.

सुरू कधी करायचं तर महिन्याच्या २० तारखेनंतर. जीएसटीच्या रिटर्नपैकी जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०, ह्या दिवसांत अकाउंट्सवाल्यांना नवीन काही शिकवायला जाऊ नका, ते वैतागतील आणि त्यांचं बरोबरच आहे. २१ ला किंवा त्यानंतरच्या सोमवारी त्यांच्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसा, पानाचा शॉर्टकट डेस्कटॉपवर टाकून द्या आणि प्रत्येकाचं पहिलं तिकीट त्याच्या शेजारी बसून त्याच्याच हातानं टाकून घ्या.